दारफळणी आणि दसरा

तळेगाव ढमढेरे,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. दानियेलास दादाचा शालोम.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे तू कागदावर लिहिलंस, त्याचा फोटो काढलास आणि तो इस्राएलहून, तुमच्या अरादहून, इथल्या पोस्टमननं सायकलीवर टांग मारायच्या आत आला. फोनवर तू 'मस्त' आणि 'एकदम मस्त' यापलीकडे जात नाहीस, म्हणून मी पत्राचा हट्ट धरला होता. आता तू पत्रातही मस्तच असतोस, फक्त चार पानं असतोस.

गेल्या किप्पूरचं, उपासाच्या दिवसाचं, तुझं वर्णन मी मिलकाला मोठ्यानं वाचून दाखवलं. हमरस्ता मोकळा, गाडी नाही, हॉर्न नाही, रेडिओ-टीव्ही बंद, सिग्नल कुणासाठी लाल होतोय ते सिग्नललाच माहीत नाही, आणि सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत आपल्या यहुदी मशिदीकडे पायी चाललेलं. मिलका रडली. मी रडलो नाही. मी ते पान दुसऱ्यांदा वाचलं.

तुझी वहिनी तुझ्या बाजूची आहे हे तुला ठाऊक आहेच. तिनं फ्रिजवर हिब्रू अक्षरं चिकटवली आहेत. दूध काढायला गेलं की आलेफ-बेत म्हटल्याशिवाय दार उघडू देत नाही. तू पाठवलेला स्थलांतराचा फॉर्म देवाच्या पुस्तकात ठेवलाय, एलियाहू हनाबीच्या तसबिरीखाली. मुंबईची मुलाखत दहा नोव्हेंबरला. त्याआधी मला सही करायची आहे किंवा नाही करायची आहे.

आता खरं सांगतो. तिथं मला पन्नाशीत काय काम मिळेल, घर कुठल्या मजल्यावर मिळेल, याची मला फार चिंता नाही. कारेगावच्या कंपनीत सव्वीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळले, तिथंही हवा दाबायला कुणीतरी लागतच असेल. मला यायचंच झालं तर त्या एका दिवसासाठी यायचंय. असा एक दिवस, की आपण उपाशी आहोत आणि का, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दोन वर्षांमागं किप्पूर गणपतीत आलं, सोमवारी. रजेच्या अर्जावर मी 'योम किप्पूर' लिहिलं. ऑफिसातल्या रुपाली मॅडमनी काळजीनं विचारलं, "काका, हे ऑपरेशन मोठं असतं का?" मी म्हणालो, एका दिवसात घरी सोडतात.

तेव्हा यंदाचा सण तिथं कसा होतो ते नीट लिही. जेवढं पाहिलंस तेवढंच लिही. त्यावर सही ठरेल.

रिव्काला आणि योएलला आशीर्वाद.

तुझा,
एलियाजरदादा


अराद,
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

ती. दादास दानूचा शालोम.

तुझं पत्र वाचलं. टोमणे मोजायला घेतले होते, दुसऱ्या पानावर सोडून दिलं. शनिवारचा सब्बाथ लागायला दोन तास आहेत तेवढ्यात लिहितो.

दादा, तू अजून विचारच करतोयस? आपल्या लोकांनी या दिवसाला दारफळणी हे नाव का ठेवलं? तर बाहेर सगळं चालू असतं म्हणून. बाबा शनिवारसारखाच तेलाचा घाणा बंद करायचे, पुढचं दार, मागचं दार, खिडक्या लावायचे, आणि तरी बाहेरून कुणीतरी ओरडायचंच, "शनवारतेली, पावशेर करडई द्या की!" आठवतं? इथं दार लावावं लागत नाही. अख्खा देशच दार लावून बसतो. घराची दारं तर आम्ही उघडीच ठेवतो. येणार कोण?

माझी मशिदीत जागा ठरलेली आहे. तिसरी रांग, खिडकीजवळ. रिव्का वर बायकांच्या सज्जात. योएल माझ्या शेजारी उभा असतो, तुझ्यापेक्षा उंच झालाय. शेवटी शोफारचं शिंग फुंकतात तेव्हा वाळवंटापर्यंत आवाज जातो. तुमच्याकडे देवाला काही ऐकू जातं का रे? की आधी मंडळाच्या डीजेवाल्याची परवानगी काढावी लागते?

माझं काम ठीक आहे. आरोग्याच्या संबंधातलं, देखरेखीचं. सणाला अर्थातच सुट्टी. इथं सणाला कामावर जाणं म्हणजे काय हे कुणाला माहीतच नाही.

वहिनीला सांग, येताना पातळ पोहे आणा. मलिद्याला इथले पोहे चालत नाहीत, भिजवले की त्यांची खळ होते. आणि बाबांचा जन्मदाखला शोधून ठेव, फॉर्मला लागतो.

सही कर, दादा. विचार काय, इथं येऊनही करता येतो. इथं तर सगळे तेवढंच करतात.

तुझा,
दानू


तळेगाव ढमढेरे,
गुरुवार, २५ सप्टेंबर २०२५

चि. दानूस शालोम, आणि नव्या वर्षाचे आशीर्वाद.

बाबांचा दाखला सापडला. त्यावर बाबांचं नाव बरोबर आहे, आजोबांचं चुकलंय आणि जात म्हणून कारकुनानं 'तेली (शनिवार)' असं लिहिलंय. तुमच्या अधिकाऱ्यांना हे समजावून सांगायला तूच मुलाखतीला बस.

यंदा आपलं नवं वर्ष आणि नवरात्राचे घट एकाच दिवशी. पोपटराव ओट्यावर येऊन बसले. तू त्यांना ओळखतोस, पण ते आता देवी मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यामुळे नव्यानं ओळखावं लागेल. म्हणाले, "तुमचं नवं साल आन् आमचे घट येकाच दिशी? वर मिटिंग झाली व्हय देवांची?" मी म्हणालो, झाली असेल, पण अध्यक्ष तुम्ही असताना आम्हाला कोण विचारतो. ते खूश झाले. टोमणा त्यांच्या अंगाला लागतच नाही, तेल लावल्यासारखा निसटतो.

आम्ही पुण्याच्या मशिदीत, लाल देवळात, जाऊन आलो. माणसं कमी, खुर्च्या जास्त. तरी शोफार वाजला तेव्हा अंगावर काटा आला. तुमच्यासारखं वाळवंट इथं नाही, त्यामुळे आवाज रस्त्यावरच्या पीएमटीपर्यंत गेला.

आता दारफळणी. बुधवारी संध्याकाळी सुरू होऊन गुरुवारी सुटणार, दोन ऑक्टोबरला. म्हणजे दसरा. म्हणजे गांधीजयंती. सव्वीस वर्षांत माझ्या उपासाची रजा कंपनीनं कधी न विचारता दिली नव्हती, ती यंदा गांधीजी आणि दसरा या दोघांनी मिळून मंजूर केली. आदल्या दिवशी खंडेनवमी. डिपार्टमेंटमधला जुना माणूस म्हणून कॉम्प्रेसरसमोर नारळ मला फोडावा लागतो. दरवर्षी मी म्हणतो, तुमच्यापैकी कुणीतरी फोडा. दरवर्षी पोरं म्हणतात, "काका, तुमच्या हातानं फोडला की वर्षभर मशीन बंद पडत नाही." देवाची आज्ञा आणि मेंटेनन्सचं शेड्यूल यांची अशी गाठ पडते. मी नारळ त्यांच्यातल्या हृतिकच्या हातात देतो आणि फक्त हात लावतो. यावर कोण्या विद्वानानं काय लिहिलंय ते मी मुद्दाम शोधलेलं नाही.

चहाच्या टपरीवर लोक मला तुमच्या देशाच्या लढाईबद्दल अशा सुरात विचारतात, जणू रोज सकाळी मलाच फोन करून ठरतं. मी म्हणतो, माझा भाऊ मस्त आहे.

आणखी एक. पोपटरावांची पुतणी वैष्णवी, नर्सिंग केलेली, ऑगस्टात म्हातारी माणसं सांभाळायच्या कामावर तुमच्याकडे आली आहे. कुठल्या गावी, ते पोपटरावांना सांगता येत नाही. "वाळवंट हाय, पन एसी हाय," म्हणतात. भेटली तर विचारपूस कर.

तुझं मागचं पत्र मी फॉर्मशेजारीच ठेवलंय. सही अजून केलेली नाही. पण पेनमध्ये रिफील घातली.

दादा


अराद,
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

ती. दादास शालोम.

घाईत आहे. सणाची तयारी. बुधवार दुपारपासून गुरुवार रात्रीपर्यंत फोन बंद. सगळ्यांचेच बंद असतात, त्यामुळे चिंता करू नकोस.

वर्षभरात माझ्या तोंडून, हातून, लेखणीतून तुझ्याविरुद्ध जे काही झालं असेल त्याची माफी मागतो. समोर असतास तर हातबोशी घेतली असती, तुझे हात हातात घेऊन बोटं ओठाला लावली असती. आता फोनच्या काचेला लावतो.

वैष्णवी भेटली नाही अजून. देश लहान असला तरी इतका लहान नाही.

दानू


तळेगाव ढमढेरे,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

श्री. दानियेल मापगावकर, तिसरी रांग, खिडकीजवळ, यांस शालोम.

तू आपल्या सणाचं वर्णन पाठवशीलच. तोवर आमचं ऐक.

बुधवारी सूर्य मावळायच्या आत जेवलो, पांढरे कपडे घातले, दारं-खिडक्या लावल्या. तू लिहिलंस त्याप्रमाणे बाहेर सगळं चालू होतं. मंडळाचा स्पीकर आपल्या भिंतीपासून चाळीस पावलांवर. मिलका आणि मी पुस्तक घेऊन बसलो. मी पापांची यादी वाचायचो, छातीवर मूठ ठेवायचो, आणि बरोबर त्याच ठेक्यावर बाहेर ढोल पडायचा. इतक्या जोरदार साथीनं पश्चात्ताप मी कधी केला नव्हता.

गुरुवारी मात्र गंमत झाली. सकाळी कुणीतरी ओट्यावर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग आपट्याची पानं वाटत फिरणारी पोरं आली.

"काका, सोनं द्यायचंय."

"दार दिसतंय ना? लागल्यालं हाय." पोपटराव!

"घरात न्हाईत का?"

"हायत की. देवाम्होरं उभी हायत दोगं. सांजच्याला चांदण्या दिसल्या की या. तवर सोनं माझ्यापाशी ठिवा."

अध्यक्षांनी मिरवणूक मंडळावर सोडली होती आणि स्वतः आपल्या दारात बसले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी शेजारचा अमजद गॅरेज बंद करून त्यांच्याजवळ येऊन बसला. आतून सगळं ऐकू येत होतं.

"किती तासाचा रोजा हाय त्यांचा?"

"पंचवीस. पानीबी न्हाई."

"पंचवीस? आमचा चौदाचा असतो, तरी दुपारनंतर मी गिऱ्हाइकाशी बोलत नाही. सबीना म्हणते, बोलूच नका, धंदा बसतो."

"मंग गप बस की. आत ऐकू जातंय."

"तुम्हीच तर बोलताय मघापासनं."

"म्या पहारा करतोय. पहाऱ्यावर बोलावं लागतं, न्हाईतर झोप लागती."

मी पानावर बोट ठेवून हसलो. मिलकानं डोळे वटारले. किप्पूरच्या यादीत गर्व आहे, लबाडी आहे, निंदा आहे, हट्ट आहे. हसणं नाही. मी दोनदा तपासलं.

तीन चांदण्या दिसल्यावर दार उघडलं. पोपटराव उठले, त्यांचे गुडघे वाजले. पिशवीभर आपट्याची पानं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घ्या, गावाचं सोनं. समद्यांच्या वतीनं म्या दिलं, समद्यांकडनं तुमच्या वतीनं म्या घेतलं." अमजदच्या घरून सबीनानं सरबत पाठवलं होतं. पहिला घोट घेतला आणि पोपटरावांनी आनंदानं आपला फोन माझ्यापुढं धरला. "आवो, ह्ये बघा! आमची वैष्णवी आन् तुमचा दानू. तिथंबी दसराच करत्यात की!"

फोटो चांगला आलाय. उजेड भरपूर. वैष्णवी कुठल्याशा झाडाची पानं घेऊन उभी आहे. तू तिच्या शेजारी निळ्या युनिफॉर्ममध्ये आहेस, छातीला बिल्ला, हात चाकाच्या खुर्चीवर. खुर्चीत एक म्हातारबुवा, ते रागावलेले दिसतात. खिडकी आहे, ते खरं. तिसरी रांग काही मला दिसली नाही. खाली पोरीनं लिहिलंय, 'दानूकाका आणि मी, आज डबल ड्युटी.' पोपटराव म्हणाले, "तीन वर्सं झाली म्हन त्याला तिथं. पोरगी पंध्रा दिसामागं बदलून आली तवा त्यानंच समदं दावलं."

सणाला कामावर जाणं म्हणजे काय हे तुमच्याकडे कुणाला माहीतच नाही, असं तू लिहिलं होतंस. तुला माहीत आहे, तू तज्ज्ञ आहेस, एवढंच लिहायचं राहिलं असेल.

मी तुझ्या पत्राच्या भरवशावर सव्वीस वर्षांची नोकरी आणि बाबांचं घर सोडायला निघालो होतो. मला वाटतं, रिफील काढून ठेवतो.

एलियाजर बिन्यामिन मापगावकर


तळेगाव ढमढेरे,
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

चि. दानूस.

दोन आठवडे झाले. तुझं पत्र नाही, फोन नाही, 'मस्त' नाही. इतके दिवस तुझं 'मस्त' ऐकायला आलं नाही तर कानाला चुकल्यासारखं होतं.

मागच्या पत्रात पूर्ण नाव लिहून सही केली ती मिलकाला आवडली नाही. ती म्हणाली, "भावाला पत्र लिहिलंत की बँकेला?" मला वाईट वाटलंही असेल. पण किप्पूर संपून तीनच दिवस झाले होते, वर्षभराची माफी नुकतीच मागून झालेली, नवी मागायला मन लगेच तयार होत नाही.

पोपटरावांनी वैष्णवीला फोन केला. ती म्हणते, तू तिच्याशीही बोलत नाहीस. पोरीला वाटतंय तिच्या हातून काही गुन्हा झाला. तिला तेवढं सांग की फोटो काढणं हा गुन्हा नाही. फोटोत असणं हाही नाही.

लिही.

दादा


अराद,
गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५

ती. दादास दानूचा शालोम.

वैष्णवीशी बोललो. ती रडली, मग मला ओरडली. तळेगावची आहे.

आता जेवढं पाहिलंय तेवढंच लिहितो.

मी म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात मदतनीस आहे. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं. त्याला मी 'देखरेख' म्हणत होतो, आणि ते खोटंही नाही. इथं माणसं कमी पडतात, आणि जो नवा असतो त्याच्या वाट्याला सणाची ड्युटी येते. म्हाताऱ्यांचा जीव सणाला सुट्टी घेत नाही, त्यामुळे धर्मालाही ते चालतं. तीन वर्षांत तीनही किप्पूर मी दुसऱ्या मजल्यावर काढलीत. गाड्या बंद असतात म्हणून आदल्या दिवशीच तिथं मुक्कामाला जायचं. रिव्का आणि योएल सणाला अश्दोदला तिच्या बहिणीकडे जातात. तिथं आपल्या लोकांची मशीद आहे, बाहेर पडल्यावर मराठीत नावं ठेवायला माणसं आहेत. मीच त्यांना जा म्हणतो. मोकळा हमरस्ता मी पाहिलाय, पण खिडकीतून. शोफार वाळवंटापर्यंत जातो हे आमच्या स्वयंपाकघरातल्या बाईनं सांगितलं. मशिदीत तिसरी रांग असणार. बहुतेक ठिकाणी असते.

फोटोतल्या म्हातारबुवांचं नाव अमार. मोरोक्कोचे, एक्क्याण्णव वर्षांचे, साखर फार. डॉक्टरनं सांगितलं, रब्बीनंही लिहून दिलं, की यांनी उपास करायचा नाही. पण त्यांना रोज काहीच आठवत नसलं तरी किप्पूर बरोबर आठवतं. त्या दिवशी सकाळपासून ओठ घट्ट मिटून बसले. मी चमच्यात दही घेऊन समोर. स्वतः उपाशी, दादा, पाणीही नाही, आणि किप्पूरच्या दिवशी दुसऱ्या यहुद्याला खा म्हणून आर्जवं करतोय. ते त्यांच्या भाषेत शिव्या देत होते. शब्द कळत नव्हते, पण आईचं नाव कुठंही कळतं.

दुपारी त्यांचा हात थरथरायला लागला. वैष्णवी घाबरली. तेवढ्यात त्यांनी मला एकदम नीट विचारलं, "तू खाल्लंस का?" मी म्हणालो, "हो, खाल्लं. आज सगळ्यांना परवानगी आहे." त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग खाल्लं. पाच चमचे. त्यानंतर पोरीला घरची आठवण येऊन फारच रडू यायला लागलं, म्हणून मी म्हणालो चल, बागेतून पानं आण, तुझा दसरा करू. फोटो तिच्याबरोबर कामाला असलेल्या बाईनं काढला. तो तळेगावात पोचेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तेव्हा मी तुला पत्रामागून पत्र खोटं लिहिलं, आणि त्यांच्याशी किप्पूरच्या दिवशीच खोटं बोललो. यातलं मोठं कुठलं ते तूच ठरव. तू जास्त वाचतोस.

तुला का लिहिलं? आधी लाज वाटली म्हणून. तळेगावात आपली ऐट होती, शनवारतेल्याचं घर. इथं मी शंभर निळ्या शर्टांपैकी एक. नंतर तुझ्या पत्रात मिलकावहिनी रडल्याचं आलं, तेव्हा थांबता येईना. आणि खरं सांगायचं तर वाटलं, तू आलास की ते सगळं खरं होईल. आपण दोघं असलो की होतंच ना ते.

आता येऊ नकोस. तुला जो दिवस हवाय तो इथं मला मिळत नाही, आणि तुझं पत्र वाचून कळलं, तुला तो घरबसल्या मिळतोय, पहारेकऱ्यासकट. फॉर्म फाडून टाक.

दानू


तळेगाव ढमढेरे,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. दानूस दादाचा शालोम.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अमारबुवांशी बोललेलं खोटं मला कुठल्याही यादीत सापडलं नाही. लाल देवळातल्या वडीलधाऱ्यांनाही विचारलं, नावं न घेता. ते पाठीवर हात ठेवून दुसऱ्या माणसाकडे गेले. मला लिहिलेलं खोटं मात्र यादीत आहे, ठळक अक्षरात. त्याची माफी तू सणाच्या दोन दिवस आधीच मागून ठेवली होतीस, लेखणीतून वगैरे म्हणून. हुशार आहेस. दिली.

फॉर्म फाडला नाही, रिफील परत घालून सही केली. सोमवारी मुंबईला गेलो.

मुलाखत घेणारा साहेब तरुण होता, हसरा, समोर दोन फोन. बाबांच्या दाखल्यावरचं 'तेली (शनिवार)' वाचून त्यानं दुसऱ्याला बोलावलं, त्यानं तिसऱ्याला. तिघांनी त्याचा फोटो काढला. मग साहेबानं विचारलं, तुम्हाला तिकडं का जायचंय? मी उत्तर पाठ करून गेलो होतो. पूर्वज, भूमी, प्रार्थना, सगळं क्रमानं. मिलकानं फ्रिजसमोर उभं करून म्हणवून घेतलं होतं. तोंडातून निघालं, "माझ्या धाकट्या भावाला सणाच्या दिवशी ड्युटी असते."

साहेब म्हणाला, हे कारण फॉर्ममध्ये नाही.

मी म्हणालो, मग 'इतर' लिहा. त्यानं बराच वेळ काहीतरी लिहिलं. 'इतर' इतकं लांब नसतं.

कळवतील म्हणालेत. मिलकाच्या मते कळवून झालंय, ती बरण्या रिकाम्या करतेय. मी कंपनीत सांगितलं. रुपाली मॅडमनी राजीनाम्याचं कारण विचारलं, मी 'घरगुती' लिहिलं, त्यांना यंदा काही विचारावं लागलं नाही. पोरांना चिंता पडलीय की पुढच्या वर्षी नारळाला हात कोण लावणार.

तू लिहिलंस ते खरं आहे. तो दिवस इथं मला पुरा मिळतो. मी दार लावतो तेव्हा बाहेर कुणीतरी बसलेलं असतं. हे मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं, आणि कळल्यावर महिन्याभरात सोडायला निघालो. माझ्या अकलेचं याहून चांगलं प्रमाणपत्र तुमच्या कचेरीलाही देता यायचं नाही. सरळ पाहिलं तर तूच परत यायला हवंस. पण योएल तिथं रुजलाय, रिव्काची बहीण तिथं आहे. पोराला उपटून परत लावायला ते काही वांग्याचं रोप नाही. माझं काय, मी जुनं खोड. नव्या मातीत पालवी फुटली नाही तरी कुणी तक्रार करणार नाही.

पोपटरावांना काल सांगितलं. मला वाटलं होतं भाषण करतील, अध्यक्ष आहेत. ते एवढंच म्हणाले, "भाऊ येकटा असल तर जावंच लागतंय. पन मंग दसऱ्याला म्या कुनाच्या दारात बसू?" अमजद म्हणाला, "माझ्या दारात बसा, मी आतून कडी लावतो." पोपटराव त्याला म्हणाले, "तुझ्या दारात बसाया तू उपास कर आदी." दोघं भांडायला लागले म्हणून बरं झालं, नाहीतर मला आत जावं लागलं असतं.

येताना पातळ पोहे आणतोय, पाच किलो. मला चाकाची खुर्ची ढकलता येते, त्यात कॉम्प्रेसरपेक्षा अवघड काही नसावं. सणाची ड्युटी एक वर्ष तू घे, एक वर्ष मी घेईन, बाकी आश्रमवाल्यांशी बोलायचं ते तू बोल. अमारबुवांनी मला शिव्या दिल्या तर चालतील, मला मोरोक्कोची भाषा शिकायचीच आहे.

एवढंच ठरव. आम्ही उतरू त्या दिवशी तुला सुट्टी मिळाली तर विमानतळावर ये. नाही मिळाली तर येऊ नकोस, टॅक्सीवाले सगळीकडे असतात. पण कारण म्हणून गर्दी, रस्ता, तब्येत, पाहुणे असलं काही लिहू नकोस. 'ड्युटी आहे' एवढंच लिही. तेवढं मराठी आम्हाला वाचता येतं.

दादा